अकराव्या मैलाचा कठडा

होळी झाली की आमच्या मैलाचं कातडं निघायला लागतं. वरचा मुरूम उन्हानं सुटतो, मोटारी तो उधळून लावतात आणि खालची खडी दातांसारखी वर येते. मग आबा पाटी-फावडं घेऊन निघतो. खड्डा खरवडायचा, मुरूम टाकायचा, ओढ्यातनं घागर आणून पाणी मारायचं, धुम्मसनं ठोकायचं आणि पुढचा खड्डा गाठायचा. यंदा ओढ्यालाच पाणी नव्हतं. वाळूत हातभर झरा उकरावा तेव्हा कुठं घागर भरायची, आणि ती भरेस्तोवर आधी टाकलेला मुरूम फुफाटा होऊन रानात गेलेला असायचा. आबा त्या फुफाट्याकडे बघत उभा राहायचा आणि म्हणायचा, "जा बाबा. तुझंबी हितं मन लागंना."

आमचा मैल म्हणजे सोलापूरहून मंद्रूपला जाणाऱ्या सडकेचा अकरावा मैल. तसा तो लोकल बोर्डाचा, पण आबा त्याला आमचा म्हणतो म्हणून मीही म्हणते. आबा मैलकुली. महिना नऊ रुपये, कमरेला पट्टा, पट्ट्यावर पितळेचा बिल्ला, बिल्ल्यावर अकराचा आकडा. दहाव्या मैलात मेलेलं कुत्रं पडलं असलं तर आबा नाकाला पटका लावून पुढं जाईल. पण अकराच्या दगडापासून बाराच्या दगडापर्यंत काटा जरी आडवा दिसला तरी हातातली भाकरी खाली ठेवून उठेल. आई चिडायची, "सडकंशीच लगीन लावायचं हुतं की मग. मला कशाला आनली?"

"सडक सैपाक करत न्हाय," आबा म्हणायचा.

मी मंद्रूपच्या शाळेत सहावीत. रोज तीन मैल जायचं आणि तीन मैल यायचं. आमच्या वर्गात मुली दोनच, त्यातली दुसरी पाटलाची, ती बैलगाडीतून येते. परीक्षेत मी तिच्या वरती आणि सगळ्या मुलांच्याही वरती आले, तेव्हापासून यज्ञेश्वर मास्तर मला फळ्यावर सुविचार लिहायला लावतात. आसपासच्या वस्त्यांवरचे लोक माझ्याकडे पत्रं घेऊन यायला लागले होते. कुणाचा भाऊ मुंबईला गिरणीत, कुणाची लेक अक्कलकोटला दिलेली. मी नुसतं सांगितलं तेवढंच लिहीत नसे. मी त्यात घालायची. "इकडील सर्व क्षेम" असं सगळेच लिहितात. मी लिहायची, "इकडील सर्व क्षेम असून तुझ्या आठवणीने घास उतरत नाही." ऐकताना बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मला फार बरं वाटायचं.

यंदा सडकेवर दोन सर्विस मोटारी धावत होत्या. एक निळी, मंद्रूपच्या मल्लप्पा शेटची. दुसरी पिवळी, सोलापुरातल्या कुणाची तरी. बाजारच्या दिवशी दोघींची शर्यत लागायची, कारण वाटेत हात करणारा उतारू जी आधी येईल तिचा. अकराव्या मैलात ओढ्यावर मोरी आहे. सडक तिथं वळते, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला कमरेइतका उंच दगडी कठडा. आबाच्या बापानं त्या कठड्याला दगड वाहिलेले. आबा दर दिवाळीला त्याला चुना फासायचा, घराला उरो न उरो.

होळीनंतरचा पहिला बाजार होता. बाजारादिवशी शाळा सकाळची, म्हणून दुपारी आबाची भाकरी मीच घेऊन गेले. आबा मोरीजवळ खड्डा भरत होता. मी फडकं सोडलं आणि सोलापूरच्या बाजूनं भोंगा ऐकू आला, नुसता एकसारखा. निळी मोटार वळणावर आली ती एका अंगावर झुकूनच. तिच्या मागे धुळीत पिवळी. टपावर वांग्याच्या पाट्या, कोंबड्यांची खुराडी आणि दोन माणसं.

"येशे, हिकडं हो!" आबा ओरडला. हातानं ओढायला वेळ नव्हता, त्यानं मला फावड्याच्या दांड्यानं ढकललं. मी चरात पडले. पडता पडता आवाज ऐकला तो मोठा नव्हता. दळताना जात्यात खडा सापडावा तसा, फक्त लांब. मग कठड्याचे दगड ओढ्यात पडायला लागले, सावकाश, एकेक करून.

मोटार कठड्याच्या भगदाडात तोंड घालून उभी राहिली. पुढचं एक चाक हवेत फिरत होतं. पिवळी मोटार बाजूनं निघून गेली, थांबली नाही. तिचा क्लीनर हात हलवत होता.

मेलं कुणी नाही. रंभाबाई माळीण टपावरच्या पाट्यांच्या मागोमाग खाली उतरली, मनगट सुजायला लागलं होतं तरी सडकेवर बसून वांगी गोळा करत सुटली. सिद्धाराम ड्रायव्हर हातातल्या चाकावर डोकं टेकून बसलेला. ओठ फुटलेला.

"महिपती," तो म्हणाला, "ब्रेक लागला न्हाई बग."

"लावला असतास तर लागला असता," आबा म्हणाला. आणि आपल्या पटक्याचं टोक फाडून त्याच्या हातात दिलं.

उतारूंनी जोर लावून मोटार मागं ओढली. ती खोकली, थरथरली आणि चालूही झाली. निघताना सिद्धारामनं आबाच्या पायाला हात लावला. "शेटला मी सांगतो. तू काय रिपोट करायचा तो कर, पर माझं नाव वंगाळ घालू नको. घरात चार तोंडं हायती."

सगळे गेले. नऊ हात कठडा नव्हता. सडकेची कड उघडी पडली होती आणि खाली दोन पुरुष खोल ओढ्याचं कोरडं पात्र.

इथं आबाचं चुकलं, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. म्हणून मी ते नीट सांगते.

सुगीच्या दिवसांत गाड्या संध्याकाळी निघतात आणि सकाळी सोलापूरला पोचतात. गाडीवान कडब्यावर झोपलेला असतो. बैलांना सडक पाठ. वळणावर ते कठड्याच्या कडेनं चालतात, जनावराला त्याची सोबत वाटते. आता कठडाच नाही म्हटल्यावर बैल सरळ कडेला जाणार. आबानं भाकरीचे दोन घास खाल्ले, मग खाली बघून म्हणाला, "आयेला बोलीव. पहार घिऊन ये म्हनावं."

मी पळत वस्तीवर गेले. आई कुळवलेल्या रानातनं धसकटं वेचून आत्ताच आली होती. पहार घेतली आणि न बोलता निघाली, याचा अर्थ ती फार चिडली होती.

दुपारपासून दिवेलागणीपर्यंत आम्ही तिघांनी तो कठडा उभा केला. घडीव दगड, एकेक वीस-पंचवीस शेरांचा. आबा आणि आई ते पहारीनं उलथत ओढ्याच्या उतारावरून वर आणायचे. आई खालून खांदा लावायची. आबाच्या टाचांतल्या भेगांत माती जाऊन त्यातनं रक्त यायला लागलं. मी मधल्या फटींत बसवायला दगडाच्या कपच्या वेचून देत होते. चुना कुठला? झऱ्याचं पाणी आणि माती कालवून चिखल केला, तोच थापला. एका दगडाला मोटारीचा निळा रंग हातभर लागला होता. आबानं तो बघितला, थुंकी लावून घासला, निघाला नाही. मग त्यानं तो दगड फिरवला आणि रंगाची बाजू आत घातली. "वंगाळ दिसतंय," म्हणाला.

शेवटचा दगड बसवताना तो सटकला आणि आईचं बोट खाली आलं. ती ओरडली नाही. बोट तोंडात घालून उभी राहिली आणि डोळ्यांतनं पाणी यायला लागलं तसं दुसऱ्या हातानं पुसत राहिली.

"झालं समाधान सडकंचं?" ती म्हणाली.

आबा कठड्यावर तळहात फिरवत होता. पहिल्या गाड्यांच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज यायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी आबा म्हणाला, "येशे, ओवरसियर सायबाला चिठ्ठी लिही. मोटार धडाकली, कठडा पडला. यवढंच लिही."

एवढंच! मी मास्तरांकडून कोरा कागद मागून आणला. मास्तरांनी आदल्याच आठवड्यात अर्ज कसा लिहायचा ते शिकवलं होतं. मी समास पाडला, वरती "ता. १५ मार्च १९३३" घातली आणि लिहिलं: "मल्लप्पा शेट यांची मोटार कठड्यास धडकून तो नऊ हात पडला. परंतु मी क्षणाचाही विलंब न लावता, सहकुटुंब घाम गाळून, तो होता तसा उभा केला आहे. सरकारचा एकही दगड वाया गेलेला नाही. कठडा पूर्वीइतकाच मजबूत झाला असून येणाऱ्याजाणाऱ्यांस कसलीही अडचण राहिलेली नाही."

आबाला वाचून दाखवलं तर तो लाजला. "लई झालं की गं."

"खरं हाय की न्हाय?"

"हाय," आबा म्हणाला, आणि अंगठा उठवला.

मास्तरांनी तो अर्ज टपालात घालण्याआधी वर्गात वाचून दाखवला. पाटलाची मुलगी माझ्याकडे वळून बघत होती. मला वाटलं, साहेब हे वाचतील आणि म्हणतील, असा मैलकुली सगळ्या सडकेवर नाही. बक्षीस देतील. निदान तीन महिने मागूनही न मिळालेली नवी घमेली तरी देतील.

ओवरसियर वेणीमाधवराव आले ते दहा दिवसांनी, सायकलवर, डोक्याला हॅट. सायकल त्यांनी आबाच्या हातात दिली आणि कठड्यापाशी जाऊन बुटाच्या टोकानं वरचा दगड दाबला. दगड हलला.

"चुना कुठं आहे?"

"चिखलात बशिवलाय सायेब. चुना मिळाला की—"

"आणि हात लावायला कुणी सांगितलं तुला?"

आबाला प्रश्न कळला नाही. "मैल माजा हाय, सायेब."

वेणीमाधवराव हसले. वाईट माणूस नव्हता तो. झाडाखाली बसून त्यांनी आबाला समजावलं, लहान मुलाला समजवावं तसं. मोटारीनं सरकारी काम पाडलं तर त्याचा खर्च मोटारवाल्याकडून वसूल करायचा असा नियम आहे. त्यासाठी पडलेलं काम पडलेलं दिसायला पाहिजे. पाटलाला बोलवायचं, पंच बोलवायचे, किती हात पडलं ते मोजायचं, पंचनामा करायचा. तोवर दगडाला दगड लावायचा नाही.

"आनि तवर गाड्या?" आई मागून म्हणाली.

"बाईमाणसानं मधे बोलू नये," वेणीमाधवराव म्हणाले. मग आबाला म्हणाले, "असू दे. मी बघतो. नोटीस काढू त्या मल्लप्पाला. भरेल तो."

पुढच्या आठवड्यात गवंडी आला, चुन्याची गाडी आली. आबानं आणि आईनं बांधलेला कठडा आधी पाडायचा होता. तो आबालाच पाडायला लावला. त्याला बांधायला अर्धा दिवस लागला होता, पाडायला तास लागला नाही. निळ्या रंगाचा दगड निघाला तो आबानं हळूच बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी गवंड्यानं दुसरा आणला. चार दिवस आबा गवंड्याच्या हाताखाली चुना कालवत होता. चुन्यानं बोटांची सालं निघाली, भाकरी मोडताना तो "स्स" करायचा. गवंडी काम संपवून म्हणाला, "आता हत्ती धडकूं दे." कठडा खरंच चांगला झाला होता.

खर्च झाला बेचाळीस रुपये. बोर्डानं मल्लप्पा शेटला नोटीस धाडली. मल्लप्पा शेटनं वकिलाकडून उत्तर धाडलं. मग एक दिवस पाटलाचा माणूस निरोप घेऊन आला: इंजिनिअर साहेब मंद्रूपच्या डाकबंगल्यात येणार आहेत, चौकशी आहे, महिपतीनं हजर राहावं.

"आता मोटारवाला न्हाय म्हननार, धडाकलोच न्हाय म्हनून," आबा म्हणाला. रात्रभर त्याला त्याचीच काळजी होती, आणि सकाळी चेहरा खुलला. त्यानं डोक्यावर चुंबळ ठेवली, आणि तो निळा दगड उचलून डोक्यावर घेतला.

तीन मैल. चैत्राचं ऊन, सकाळी नऊलाच कानशिलं तापली होती. मी म्हटलं, "आबा, बाराच्या दगडापाशी टेकीव जरा." तो थांबला नाही. मान ताठ, हात दोन्ही बाजूला, डोळे पुढं. मानेवरची शीर दोरीसारखी वर आली होती. आई म्हणाली, "देव निघालाय जनू मिरवाय." तिचं बोट काळंनिळं होऊन नख सुटायला आलं होतं, चिंधी बांधलेली.

मंद्रूप जवळ आलं तशी मागून निळी मोटार आली आणि आमच्या अंगावर धूळ उडवत पुढं गेली. पुढच्या सीटवर टोपीवाले इंजिनिअर साहेब बसले होते, त्यांच्या मागे वेणीमाधवराव. साहेबांची स्वतःची मोटार म्हणे दुरुस्तीला होती. मल्लप्पा शेटनं आपली धाडली होती.

डाकबंगल्याच्या ओसरीवर टेबल मांडलं होतं. आबाला खाली अंगणात उभं केलं, आम्हाला त्याच्या मागं. साहेबांनी चहा घेतला. मल्लप्पा शेट खुर्चीत नुसता टेकून बसला होता, पायातल्या चपला काढून, फार अदबीनं. सिद्धाराम मोटारीचं चाक फडक्यानं पुसत होता. इकडं बघत नव्हता.

"काय रे, डोक्यावर काय आहे?" साहेबांनी विचारलं.

आबानं दगड उतरवला. आदळू दिला नाही. निळी बाजू वर केली. "सायेब, ह्यो पुरावा. मोटारीचा रंग हाय ह्यो. शेटची मोटार धडाकली त्याला ह्यो साक्षी."

साहेबांनी वेणीमाधवरावांकडे बघितलं. मग मल्लप्पाकडे.

"धडकली की," मल्लप्पा शेट म्हणाला. "मी कुटं न्हाई म्हनतो री? धडकली. ड्रायव्हरला मी दंड केलाय. इचारा त्याला."

आबा तसाच वाकलेला राहिला. दगडावरचा हात त्याला काढता येईना.

"धडकली हे कुणी नाकारलेलं नाही," साहेब म्हणाले. "हा दगड बोर्डाचा आहे ना? मग तू तो कुणाच्या परवानगीनं हलवलास? जाताना परत नेऊन ठेव."

मल्लप्पा शेटनं खिशातून कागद काढला. "ह्ये बगा साहेब, बोर्डानंच वकिलास्नी नक्कल दिली. तुमच्या मानसाचा रिपोट. कठडा होता तसा उभा केला. एक दगड वाया न्हाई. पूर्वीइतकाच मजबूत." त्यानं माझी वाक्यं वाचली, थांबत थांबत, आणि त्याच्या तोंडातही ती छान वाटत होती. "माझ्या मोटारीनं पाडला त्यो त्याच दिवशी उबा ऱ्हायला. नुकसान कुटलं मग? नंतर तुमी चांगला मजबूत कठडा पाडला, नवा बांदला. हौस तुमची. त्याचं मी कशाला देऊ?"

"तो मजबूत नव्हता. हलत होता," वेणीमाधवराव म्हणाले.

"मग तुमचा मानूस खोटा रिपोट करतो म्हना की री. त्यालाबी माझी हरकत न्हाई."

साहेब आबाकडे वळले. "मजबूत होता की नव्हता?"

आबा घसा खाकरून म्हणाला, "चिकलाचा हुता सायेब. पर रातीच्याला गाड्या येत्यात. गाडीवान झोपल्याला आसतो. बैल कठड्याच्या आंदाजानं—"

"विचारलं तेवढं सांग. मजबूत नव्हता?"

"न्हवता."

"मग खोटं का लिहिलंस?"

मी पुढं झाले. कशी झाले मला माहीत नाही, पाय आपले आपण गेले. "ते वाक्य माझं हाय साहेब. आबांनी तेवढंच सांगितलं होतं, मोटार धडकली आणि कठडा पडला. पुढचं सगळं मी घातलं."

"का घातलंस?"

काय सांगणार? चांगलं वाटत होतं म्हणून. "वाचायला बरं लागावं म्हणून," मी म्हटलं.

मल्लप्पा शेट मोठ्यानं हसला. वेणीमाधवराव खाली बघत होते. साहेब हसले नाहीत. त्यांनी कागद उलटा-पालटा केला आणि विचारलं, "पण अंगठा ह्याचाच आहे ना?"

सहावीपर्यंत कुठल्याच पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं.

मग आई आली. तिनं बोटाची चिंधी सोडली आणि हात टेबलापर्यंत लांब केला. "पंचनामा पायजे न्हवं? ह्यो बगा. किती दगड, कवा पडलं, कुनी उचाललं, समदं हितं हाय. मोटार शेटची, दगड सरकारचा, आनि बोट तेवढं आमचं."

"शिपाई," साहेब म्हणाले, "ह्यांना बाहेर ने."

बाहेर म्हणजे फाटकापाशी, चिंचेखाली. तिथूनही सगळं दिसत होतं. पाऊण तासानं वेणीमाधवराव आबाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला घेऊन आले. फार हळू बोलत होते. साहेब नोकरीवरून काढणारच होते म्हणे, त्यांनी गळ घालून वाचवलं. पंचनाम्याआधी काम हलवल्यामुळं बोर्डाची वसुली बुडाली. ती आबाच्या पगारातून व्हायची, महिना तीन रुपये, चौदा महिने. कबुलीचा कागद आत्ताच द्यायचा, साहेब निघायच्या आत.

"तीन गेल्यावर ऱ्हायलं किती?" आईनं विचारलं. तिला एवढा हिशेब येत होता. तरी विचारलं.

"बिल्ला राहिला," वेणीमाधवराव म्हणाले. "कारकून आलेला नाही आज. मुलीचं अक्षर चांगलं आहे, तीच लिहील. मी सांगतो."

ओसरीच्या पायरीवर बसून मी लिहायला घेतलं. समास पाडला. ते सांगत होते, मी लिहीत होते. "मी महिपती... अकराव्या मैलावरील मैलकुली... वरिष्ठांच्या हुकुमावाचून..." माझं अक्षर त्या दिवशीही चांगलं येत होतं. मला ते वाईट यायला हवं होतं. "सदर रक्कम माझ्या पगारातून कापून घेण्यास मी राजीखुशीने संमती देतो."

मी लिहिलं, "कापून घेण्यास मी संमती देतो."

वेणीमाधवरावांनी वाकून बघितलं. "राजीखुशीने राहिलं."

मी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून बसले. शाईचा थेंब टाकाच्या टोकाला येऊन जमला. साहेबांची पेटी शिपायानं मोटारीत नेऊन ठेवली. सिद्धाराम हँडल फिरवायला लागला.

"लिही की, येशे," आबा म्हणाला.

"खरं न्हाय ते."

"त्यात काय? मागल्या खेपंला जास्तीचं लिवलंस. आता ह्ये एकच तर हाय." तो रागावून बोलला नाही. तेच फार झालं.

मी ओळीच्या वर, दोन शब्दांच्या मधे, बारीक अक्षरात ते घातलं.

आबाच्या अंगठ्याला शाई लावली. पहिला ठसा उठला तो नुसता काळा गोळा. चुन्यानं अंगठ्याची कातडी गेली होती, रेघाच नव्हत्या. शिपायानं अंगठा पुसला, पुन्हा दाबला. पुन्हा गोळा. "हा कुणाचाही होईल," वेणीमाधवराव म्हणाले. तिसऱ्यांदा दाबताना आबाचा चेहरा शाळेत पाढा न आलेल्या पोरासारखा झाला होता. "रेघा झिजून गेल्यात सायेब," तो हसून म्हणाला. "दगडानं खाल्ल्या."

"साक्षीदार घालू एक. मुली, तूच कर सही. ठसा माझ्यासमक्ष उठवला, असं लिही. वय किती?"

"चौदा."

त्यांनी घड्याळ बघितलं. "अठरा टाक."

मी अठरा टाकलं. माझी सरकारी कागदावरची पहिली सही ती. यशोदा महिपती, आणि खाली एक रेघ. वेणीमाधवरावांनी शाई वाळायला कागद हवेत धरला आणि म्हणाले, "सुंदर."

आबानं दगड पुन्हा डोक्यावर घेतला. आई म्हणाली, "टाका की त्यो हितंच, गटारीत." आबा म्हणाला, "बोर्डाचा हाय." आम्ही निघालो. दुपार झाली होती, सडकेवर कुणीच नव्हतं. आबा पुढं, आई मधे, मी मागं.

फर्लांगभर गेलो असू, मागून भोंगा आला. साहेबांना सोडायला निळी मोटार सोलापूरला चालली होती. आबा सडकेच्या कडेला सरला, दगडाखाली मान ताठ धरून उभा राहिला, आणि एक हात दगडाला लावून त्यानं दुसऱ्या हातानं सलाम केला. साहेब पलीकडे बघत होते.

मोटार माझ्यासमोरून जायला लागली तेव्हा माझाही हात वर गेला. कपाळापर्यंत गेल्यावर मला कळलं. मग मी तो तसाच पुढं नेला आणि केस मागे सारल्यासारखं केलं.

आईनं बघितलं. मग बोटाला पुन्हा चिंधी गुंडाळत ती चालायला लागली.